नाशपातीच्या झाडावरचा तित्तर

पूर्वी तो मेसेज ई-मेलनं यायचा, आता व्हॉट्सॲपवर येतो. डिसेंबर निम्म्यावर आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तो टाकतंच. ‘ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस या गाण्यामागचं खरं रहस्य तुम्हाला माहीत आहे का?’ खाली बारा ओळींची यादी आणि शेवटी जोडलेले हात. टाकणारे सहसा आमचे जोशीबुवा किंवा तसलंच कुणीतरी असतं. ग्रुपातली ख्रिस्ती मंडळी ‘सेम टू यू’ म्हणून मोकळी होतात. गाणं मात्र सगळ्यांना येतं. कॉन्व्हेंटात शिकलेल्या आमच्या पिढीला ते ‘शुभं करोति’इतकंच पाठ आहे.

गाणं असं : नाताळच्या पहिल्या दिवशी माझ्या प्रियानं मला काय पाठवलं, तर नाशपातीच्या झाडावरचा एक तित्तर. दुसऱ्या दिवशी दोन होले, आणि पुन्हा तो तित्तर. तिसऱ्या दिवशी तीन फ्रेंच कोंबड्या, दोन होले आणि तित्तर. मग चार पक्षी, पाच सोन्याच्या अंगठ्या, अंडी घालणाऱ्या सहा हंसी, पोहणारे सात राजहंस, दूध काढणाऱ्या आठ गवळणी, नाचणाऱ्या नऊ बायका, उड्या मारणारे दहा सरदार, अकरा पिपाणीवाले, बारा ढोलवाले. दर दिवशी नवी भेट आणि तिच्या मागं आधीच्या साऱ्या भेटींची शेपटी. एकूण वस्तूंची बेरीज ३६४ होते. वर्षाला एक कमी. (यातही कुणाला काहीतरी दिसेलच.)

आता रहस्य. १५५८ साली पहिली एलिझाबेथ गादीवर आल्यापासून १८२९ पर्यंत प्रॉटेस्टंट झालेल्या इंग्लंडमधल्या कॅथलिकांना आपला धर्म उघडपणे पाळता येत नव्हता, मुलांना शिकवता येत नव्हता, म्हणून त्यांनी हे गाणं रचलं, असं ती यादी सांगते. प्रियकर म्हणजे देव. तित्तर म्हणजे येशू. दोन होले म्हणजे जुना करार आणि नवा करार. तीन कोंबड्या म्हणजे विश्वास, आशा, प्रीती. चार पक्षी ही चार शुभवर्तमानं, पाच अंगठ्या ही मोशेची पाच पुस्तकं, सहा हंसी हे सृष्टी घडवण्याचे सहा दिवस. सात राजहंस ही पवित्र आत्म्याची सात दानं. आठ गवळणी ही गिरिप्रवचनातली आठ ‘धन्य’ वचनं, नऊ बायका ही आत्म्याची नऊ फळं, दहा सरदार या दहा आज्ञा. अकरा पिपाणीवाले म्हणजे दगा देणारा यहूदा वगळून उरलेले प्रेषित आणि बारा ढोलवाले म्हणजे प्रेषितांच्या विश्वासांगीकारातली, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीतली, बारा कलमं.

वाचताना पटतं. मराठी माणसाला तर जरा जास्तच पटतं, कारण वरून एक आणि आतून दुसरंच बोलणारं गाणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. एकनाथांचा विंचू चावतो तेव्हा कुणी पायाला फडकं बांधायला धावत नाही. पण नाथांची रीत जरा बारकाईनं पाहा. ‘विंचू चावला’ म्हणून ओरडून झालं, ऐकणारा हसला, की लगेच पुढची ओळ येते : ‘कामक्रोध विंचू चावला, तम घाम अंगासी आला.’ कोडं घातलं तिथंच त्याची किल्ली ठेवली. शेवटी उताराही सांगितला, सत्त्वगुणाचा अंगारा. भारूड गुपित ठेवण्यासाठी नसतंच. गावच्या चव्हाट्यावर शंभर माणसांना एकदम कळावं म्हणून ते असतं. ज्या गाण्याची किल्ली गाण्यात कुठंच सापडत नाही, दोनशे वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या खिशातून निघते, त्याच्याकडं मी जरा संशयानं बघतो.

आणि किल्ली लावून पाहिली तर ती कुलपात फिरतही नाही.

दहा आज्ञा घ्या. त्या लपवण्याचं कारणच काय? एलिझाबेथच्या चर्चमध्ये दहा आज्ञा फळ्यावर रंगवून भिंतीला लावलेल्या असत, तेही सरकारी हुकमानं. चार शुभवर्तमानं, सहा दिवसांची सृष्टी, विश्वास-आशा-प्रीती, प्रेषितांचा विश्वासांगीकार, हे सगळं शेजारच्या प्रॉटेस्टंट पोरालाही घोकावं लागे. जे खरोखर जिवावर बेतणारं होतं, म्हणजे पोपची सत्ता, मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), भाकरीचं ख्रिस्तशरीर होणं, मरियेची विनवणी, संतांकडं मागणं, ते या यादीत औषधालाही नाही. काही जण सात राजहंसांना सात संस्कार ठरवतात. तेवढं एक कॅथलिक वळणाचं म्हणता येईल. पण मग तेच हंस दुसऱ्या यादीत आत्म्याची दानं कसे होतात? सात म्हटलं की जे आठवेल ते.

माझ्या दृष्टीनं सगळी गंमत नवव्या दिवशी आहे. ‘आत्म्याची नऊ फळं’ ही मोजणी गलतीकरांच्या पत्रातली, पाचव्या अध्यायातली. प्रॉटेस्टंट बायबलात ती फळं नऊ आहेत. पण कॅथलिक ज्या लॅटिन बायबलावर वाढले, त्यात ती बारा आहेत. देशाबाहेर पळालेल्या इंग्रज कॅथलिकांनी ऱ्हेम्सला १५८२ साली जो नवा करार इंग्रजीत छापला, त्यातही बाराच. कॅथलिक धर्मशिक्षण आजही बाराच शिकवतं. म्हणजे छळाच्या काळात, जिवाची जोखीम घेऊन, पोरांना गुपचूप आपला धर्म शिकवणाऱ्या त्या बापानं फळं मोजली ती मात्र विरोधकांच्या बायबलातून! असा बाप मला तरी डोळ्यांसमोर आणता येत नाही.

बरं, आकड्यांना माणसं चिकटवायची तर आधी ती जागेवर उभी राहायला हवीत. हे गाणं छापील स्वरूपात पहिल्यांदा सापडतं ते १७८० च्या सुमाराला लंडनमध्ये निघालेल्या मुलांच्या एका छोट्या पुस्तकात. तिथं नवव्या दिवशी ढोलवाले आहेत, दहाव्या दिवशी पिपाणीवाले, अकराव्या दिवशी नाचणाऱ्या बायका आणि बाराव्या दिवशी उड्या मारणारे सरदार. आज आपण म्हणतो तो क्रम, आणि ‘पाच सोन्याच्या अंगठ्या’ म्हणताना सगळे जिथं सूर लांबवतात ती चाल, फ्रेडरिक ऑस्टिन या इंग्रज गायक-संगीतकाराची, १९०९ ची. चौथ्या दिवशीचे कोळशासारखे काळे पक्षी त्याच्याच हातून ‘हाका मारणारे’ पक्षी झाले. एकोणिसाव्या शतकात एडिंबरोच्या रॉबर्ट चेंबर्सनं स्कॉटलंडमधलं याचंच एक भावंड छापलं. त्यात राजा राणीला भेटी पाठवतो आणि त्यांतली एक भेट आहे अरबस्तानातलं बबून माकड. त्याचा गूढार्थ कुणी सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही.

मग हे गाणं होतं तरी काय? खेळ. पहिल्या पुस्तकातही ते खेळ म्हणूनच आलंय, आणि ॲलिस गॉम यांनी १८९८ मध्ये इंग्लंडमधल्या पारंपरिक खेळांचा जो संग्रह छापला त्यात तो कसा खेळत याचं वर्णन आहे. नाताळचा बारावा दिवस, म्हणजे जानेवारीच्या पाच-सहा तारखेची रात्र. घरात नातेवाईक जमलेत, पोरंही आहेत आणि मोठी माणसंही. जेवण अजून व्हायचंय, मिन्स पाय आणि त्या रात्रीचा खास केक वाट बघतायत. सगळे खोलीभर कडेनं बसतात. एक जण पहिली ओळ म्हणतो, शेजारचा ती म्हणून पुढं जोडतो, आणि असं फिरत फिरत गाणं लांबत जातं. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत कुणाच्या तरी गवळणी पोहायला लागतात आणि राजहंस दूध काढतात. चुकला त्यानं काहीतरी गहाण ठेवायचं, रुमाल, किल्ली, जे असेल ते, आणि शेवटी ते सोडवून घ्यायला सांगतील ती शिक्षा भोगायची. भोंडल्याला ज्या घरी दर दिवशी एकेक गाणं वाढत जातं त्या घरच्या मुलींना या खेळाचा जीव कशात आहे हे समजावून सांगावं लागणार नाही. वाढत जाणं हीच त्यातली मजा, आणि तित्तर हा तित्तर असला तरच ती मजा.

सांकेतिक अर्थाची गोष्ट फार अलीकडची आहे. ह्यू मकेलर नावाच्या कॅनडातल्या एका स्तोत्र-अभ्यासकानं १९७९ मध्ये ती लेख लिहून मांडली. १९८२ मध्ये हॅल स्टॉकर्ट या अमेरिकन धर्मगुरूंनी तशाच आशयाचं लिहिलं आणि १९९५ मध्ये ते इंटरनेटवर चढलं. तिथून पुढं त्याला कुणाची गरज उरली नाही. पुरावा मागितल्यावर स्टॉकर्ट यांनी सांगितलं की जुन्या धर्मगुरूंच्या पत्रांत हे वाचलं होतं, पण टिपणं चर्चच्या तळघरात पाणी शिरून गेली. पुढं त्यांनीच लेखाखाली एक ओळ जोडली, की या कथेत खरं आणि कल्पित दोन्ही आहे आणि ती ज्या भावनेनं लिहिली त्याच भावनेनं घ्यावी. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती ओळ व्हॉट्सॲपवर कधी येत नाही.

इथवर आलं की लोक म्हणतात, ‘असेना का खोटं, गोष्ट तर चांगली आहे, कुणाचं काय बिघडतं?’ माझं म्हणणं, बिघडतं. कारण त्या काळात इंग्लंडमध्ये जे खरोखर घडलं ते या गोड गोष्टीखाली झाकलं जातं.

यॉर्कमधल्या शॅम्बल्स नावाच्या खाटीकगल्लीत मार्गारेट क्लिदरो राहायची. खाटकाची बायको. नवरा प्रॉटेस्टंट चर्चमध्ये जाणारा, ही मात्र कॅथलिक झालेली. घरात धर्मगुरूंना लपवायची, त्यांच्याकडून मिस्सा करवून घ्यायची. १५८६ साली झडती आली. शिपायांनी घरातल्या एका लहान परदेशी मुलाला धमकावलं आणि त्यानं घाबरून लपायची जागा दाखवली. कोर्टात ‘गुन्हा कबूल की नाकबूल’ याचं उत्तरच तिनं दिलं नाही. खटला उभा राहिला असता तर तिच्याच मुलांना साक्षीला आणलं असतं. उत्तर न देणाऱ्याला कायद्यात शिक्षा होती : जमिनीवर आडवं करून अंगावर दार ठेवायचं, दारावर दगड. ते दार तिच्याच घराचं होतं असं सांगतात. २५ मार्चला ती गेली.

त्या घरातल्या मुलांना काय शिकवण्याची गरज होती? दहा आज्ञा? त्या तर भिंतीवर टांगलेल्या होत्या. त्यांना शिकवायचं होतं गप्प बसणं.

त्या लोकांनी गाण्यात धर्म लपवला नाही, भिंतीत माणसं लपवली. निकोलस ओवेन नावाचा एक ठेंगणा, पायानं अधू सुतार अठरा-वीस वर्षं घराघरांतून रात्री काम करत हिंडला. जिन्याच्या पायरीखाली, चुलीच्या मागं, दोन भिंतींच्या मध्ये एक माणूस दबून बसेल अशा जागा त्यानं केल्या. त्यातल्या काही अजून बघायला मिळतात, आणि काही कदाचित अजून कुणाला सापडलेल्याच नसतील. १६०६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये त्याला छळून मारलं, पण एकही जागा त्यानं सांगितली नाही. आणि मुलांसाठी धर्मशिक्षणाचं म्हणाल, तर त्यासाठी चक्क पुस्तकं होती. लॉरेन्स व्हॉक्सची प्रश्नोत्तरी १५६७ मध्ये समुद्रापलीकडं लूव्हेनला छापली आणि चोरून इंग्लंडात आणली जात होती. पकडलं तर शिक्षा व्हायची ती पुस्तकासाठी. तित्तराची तिथं कुणाला गरज नव्हती.

याच भूमिगत लोकांत एक कवी होता. रॉबर्ट साउथवेल, जेझुइट या कॅथलिक संघाचा धर्मगुरू. १५८५ च्या कायद्यानं जेझुइट असून इंग्लंडात पाऊल ठेवणं हाच राजद्रोह. तो सहा वर्षं लपून राहिला, १५९२ मध्ये पकडला गेला, अनन्वित छळ सोसला आणि फेब्रुवारी १५९५ मध्ये टायबर्नला फासावर गेला. या माणसानं नाताळवर कविता लिहिली आहे. हिवाळ्याची रात्र, बर्फ पडतंय, निवेदक थंडीनं कुडकुडतोय, आणि अचानक ऊब जाणवते म्हणून वर पाहतो तर हवेत एक बालक पेटलेलं आहे. अश्रू ढाळतंय, आणि अश्रूंनी आग विझायच्या ऐवजी जास्तच भडकतेय. ते बालक स्वतःच सांगतं की माझी छाती ही भट्टी आहे, सरपण म्हणजे टोचणारे काटे, प्रेम हा अग्नी, आणि या भट्टीत माणसांचे आत्मे तावून घ्यायचे आहेत. बोलून ते नाहीसं होतं, आणि निवेदकाला आठवतं की आज नाताळ.

कामक्रोध विंचू चावला, तशीच रीत. प्रतीक मांडलं आणि जागच्या जागी उलगडलं. (नाथ १५९९ मध्ये गेले. दोघे एकाच वेळी हयात होते, हे मला उगाचच आवडतं.) साउथवेलच्या कविता तो फासावर गेल्यावर त्याच वर्षी लंडनमध्ये छापून आल्या, कवीचं नाव न घालता, आणि प्रॉटेस्टंटांनीही त्या आवडीनं वाचल्या. नाटककार बेन जॉन्सन म्हणाला होता की ही पेटत्या बालकाची कविता माझी असती तर माझ्या बऱ्याचशा कविता मी खुशाल नष्ट केल्या असत्या. खरा लपलेला माणूस नाताळचं गाणं लिहायला बसला तेव्हा त्यानं काहीही लपवलं नाही.

लपवलं ते दुसऱ्या एकानं, आणि तो उघड्यावर होता. विल्यम बर्ड हा राणीच्या खासगी चर्चचा संगीतकार. पक्का कॅथलिक, दंड भरत राहिलेला, तरी दरबारात टिकलेला. १५८३ मध्ये प्रागला सम्राटाच्या दरबारात असलेल्या फिलिप द मॉन्ट या संगीतकारानं त्याला एक रचना पाठवली. शब्द बायबलमधल्या १३७ व्या स्तोत्राचे : बाबेलच्या नद्यांकाठी बसून आम्ही रडलो. पुढच्या वर्षी बर्डनं उत्तरादाखल त्याच स्तोत्राची पुढची ओळ स्वरबद्ध करून पाठवली : परक्या देशात आम्ही परमेश्वराचं गाणं कसं गावं? १५८९ मध्ये त्यानं छापलेल्या एका रचनेत शब्द आहेत, यरुशलेम उजाड झालं. सगळे बायबलातले शब्द, कुणाची हरकत घ्यायची सोय नाही, आणि ज्यांच्या घराच्या भिंतीत माणूस बसला होता त्यांना यरुशलेम म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मिस्सासाठी त्यानं केलेल्या तीन रचना १५९२ ते ९५ मध्ये छापल्या, पण त्यांना मुखपृष्ठ नाही. छापणाऱ्याचं नाव नाही, सालही नाही. १६०५ मध्ये बर्डची गाण्यांची पुस्तकं जवळ सापडली म्हणून एका फ्रेंच माणसाला लंडनमध्ये अटक झाली होती. संकेत म्हणतात तो हा. त्यात शिकवण नसते. ते रडणं असतं, आणि ऐकणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं.

आणि त्याच काळातला तिसरा माणूस आपल्याकडं येऊन पोचला. टॉमस स्टीफन्स, इंग्लंडातल्या विल्टशरचा. मित्र टॉमस पाउंड पकडला गेला आणि त्याचं अर्धं आयुष्य तुरुंगांत गेलं. हा रोमला गेला, जेझुइट झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात जहाजानं गोव्याला उतरला. पुढची चाळीस वर्षं गोव्यातल्याच साष्टीत काढली. ज्या धर्माची शिकवण विल्टशरमध्ये कुजबुजत द्यावी लागे, ती त्यानं इथं जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांत खड्या आवाजात सांगितली. ‘ख्रिस्तपुराण’ राशोलला १६१६ मध्ये छापलं. त्यात स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, आणि ओवीचं वळण थेट नाथांच्या घराण्यातलं. नव्या ख्रिस्ती झालेल्यांनी ‘आमची जुनी पुराणं गेली, तर त्या जागी काहीतरी द्या’ अशी मागणी केली म्हणून हे लिहिलं, असं तोच सांगतो.

‘जुनी पुराणं गेली’ हे वाक्य मात्र गिळून पुढं जाता येत नाही. ती आपोआप गेली नव्हती. साष्टीतली देवळं स्टीफन्स येण्याआधीच पाडली होती, आणि इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा करणारं धर्मन्यायालय, १५६० पासून बसलेलं होतं. इंग्लंडात ज्याच्या लोकांची पुस्तकं जाळली जात, तो इथं जाळणाऱ्यांच्या राज्यात धर्मगुरू होता. माणूस म्हणून तो मऊ होता, भाषेवर त्याचा जीव होता, हे सगळं खरं धरूनही. पुढं १७३६ मध्ये इन्क्विझिशननं गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतल्या लग्नात काय काय करायचं नाही याचं लांबलचक फर्मान काढलं. त्यात ओव्या म्हणायलाही बंदी होती. जी ओवी स्टीफन्सनं पुराणासाठी उचलली, तीच. हळद लावताना गायची बायकांची गाणी! त्यांत लपवण्यासारखं काहीच नव्हतं, तरी ती लपून म्हणावी लागली. बंदी अर्थावर येते असं आपण समजतो. बऱ्याचदा ती नुसत्या गाण्यावरच येते.

इंग्लंडातही तेच झालं, आणि कोड्याच्या गोष्टीत याचा उल्लेखच नसतो. १६४७ मध्ये प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंटांच्या, पार्लमेंटनं नाताळच रद्द केला. नाताळ हा सणच बायबलबाह्य, पोपचं खूळ, असं त्यांचं मत. १६६० पर्यंत ही बंदी होती. त्या काळात ‘ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस’ म्हणून धर्म लपवणं म्हणजे सोनं लपवायला सोनाराच्या दुकानात ठेवण्यासारखं झालं असतं.

मग नाताळच्या जुन्या गाण्यांत धार्मिक अर्थ नाहीत का? भरपूर आहेत, पण बहुतेक राजरोस. ‘हॉली अँड द आयव्ही’ हे गाणं लोकगीतं गोळा करणाऱ्या सेसिल शार्पनं १९०९ मध्ये चिपिंग कॅम्डनच्या एका बाईंकडून ऐकून उतरवून घेतलं. त्यात हॉली या काटेरी झुडपाचं फूल पांढरं, म्हणून मरियेनं येशूला जन्म दिला. फळ रक्तासारखं लाल, पान काट्यासारखं टोकदार, साल पित्तासारखी कडू, आणि प्रत्येक कडव्यात पुढं काय ते स्पष्ट सांगितलेलं. यात पुन्हा ख्रिस्तपूर्व वृक्षपूजेचा गूढार्थ शोधणारे आहेत, ती वेगळी जमात.

खरं न उलगडणारं गाणं हवं तर ‘ग्रीन ग्रो द रशेस’ घ्या. तेही एक ते बारा मोजतं. चार शुभवर्तमानकार, दहा आज्ञा, बारा प्रेषित, स्वर्गाला गेलेले अकरा, असं सगळं नाव घेऊन. मग मध्येच हिरवे कपडे घातलेले दोन गोरे पोरगे, तीन प्रतिस्पर्धी, सहा गर्विष्ठ चालणारे, आठ एप्रिलचे पावसाळे येतात. हे कोण? अभ्यासक वाद घालतात. पण हे कुणी मुद्दाम घातलेलं कोडं नाही. तोंडातोंडी येताना शब्द झिजले आणि अर्थ गळून पडला. गाणाऱ्यांनी तरीही ते सोडलं नाही. अर्थ नसला तरी चालतो, संख्या चुकली तर चालत नाही, हे मला त्या लोकांचं फार मोठेपण वाटतं.

संकेताच्या शर्यतीत सगळ्यांत पुढं कोण असेल तर ज्याच्यावर कुणाचा संशय नाही ते : ‘अडेस्टे फिडेलेस’, म्हणजे ‘ओ कम ऑल यी फेथफुल’. याची सर्वांत जुनी हस्तलिखितं जॉन फ्रान्सिस वेड या इंग्रज कॅथलिकाच्या हातची, १७४० च्या दशकातली. इंग्लंड सोडून फ्रान्समध्ये दुए इथं राहणारा हा माणूस चर्चच्या गाण्यांच्या सुंदर नकला करून पोट भरायचा. तेव्हा इंग्लंडचं राज्य हॅनोव्हर घराण्याकडं होतं आणि हद्दपार झालेल्या स्टुअर्ट राजांचे कॅथलिक समर्थक त्यांच्या परतीची वाट पाहत होते. १७४५ मध्ये त्या घराण्यातला राजपुत्र चार्ल्स खरोखरच मूठभर साथीदार घेऊन स्कॉटलंडला उतरला. डरॅम विद्यापीठातले संगीताचे प्राध्यापक बेनेट झॉन यांनी २००८ मध्ये मांडलं की वेडच्या पोथ्यांच्या नक्षीत स्टुअर्टांची चिन्हं आहेत, प्रार्थनांत त्यांच्या राजासाठी मागणं आहे, आणि ‘या, निष्ठावंतांनो, राजाचा जन्म झाला, त्याला पाहा’ हे बोलावणं बेथलेहेमकडं जितकं आहे तितकंच चार्ल्सकडं. ‘देवदूतांचा राजा’ लॅटिनमध्ये म्हणताना ‘इंग्रजांचा राजा’ हा त्या भाषेतला जुना श्लेषही कानात वाजतो. राजपुत्राचा जन्मही १७२० च्या ३१ डिसेंबरचा, ऐन नाताळातला. सगळ्यांना हे मान्य नाही. मला मात्र हे तित्तरापेक्षा कितीतरी पटतं, कारण इथं किल्ली त्याच पोथीत, त्याच हातानं काढलेल्या फुलांत ठेवलेली आहे. आणि आत दडलंय ते धर्माचं नाही, राजकारणाचं. धर्म वरच आहे, झाकणासारखा.

या गाण्याला इंग्लंडात कितीतरी वर्षं ‘पोर्तुगीज स्तोत्र’ म्हणत. लंडनमधल्या पोर्तुगीज वकिलातीच्या चर्चमध्ये ते गायलं जाई. परदेशी वकिलातीच्या आवारात कायद्याचा हात पोचत नसे, म्हणून इंग्रज कॅथलिक मिस्साला तिथं जात. चार्ल्स हरला, स्टुअर्ट संपले, आणि ते गाणं १८४१ मध्ये फ्रेडरिक ओकलीनं इंग्रजीत आणलं. आज वसईपासून विल्टशरपर्यंत प्रत्येक चर्चमध्ये ते म्हणतात आणि राजपुत्राची कुणाला आठवणही होत नाही.

आमच्या सोसायटीतल्या डिसोझाबाई संडे स्कूलला शिकवतात. त्यांना मी हे सगळं एकदा लिफ्टपाशी उभं राहून ऐकवलं, नऊ फळं आणि बारा फळं सकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘अहो, पण मी दर वर्षी हेच गाणं घेते वर्गात. दहा सरदार म्हटलं की पोरांना दहा आज्ञा पटकन आठवतात.’ तो वर्ग त्यांचा एकटीचा नाही. इंग्लंड-अमेरिकेतही कितीतरी ठिकाणी आता नाताळला हेच चालतं, पुस्तकंही निघाली आहेत. १७८० मध्ये जे धर्मशिक्षण नव्हतं ते १९७९ नंतर खरंच धर्मशिक्षण होऊन बसलंय. यावर मला काही बोलता आलं नाही. नऊ बायकांचं काय करता एवढंच विचारलं.

‘त्या नुसत्या नाचतात,’ बाई म्हणाल्या. ‘पोरांना तेच आवडतं.’